वाफ्यापासून वाटीपर्यंत: बेटावरचा भाजीमळा आणि लहान मुलांचे पोषण

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर संध्याकाळी चोडण बेटाच्या फेरीबोटीची वाट पाहत उभी राहिले की माझे लक्ष लोकांच्या पिशव्यांकडे जाते. कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी, एखादा फ्लॉवर. यातली बरीचशी भाजी बेळगावकडून घाट उतरून येते, पणजीच्या बाजारात किंवा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर थोडी थांबते आणि मग मांडवी ओलांडते. हिरवा पाला त्या पिशव्यांत क्वचितच दिसतो. एवढ्या प्रवासात टिकते तीच भाजी बेटावर पोहोचते, आणि टिकणारी भाजी बहुधा फिक्या रंगाची असते. माझ्या लहानपणी आजी याच बोटीने उलट्या दिशेने जायची, डोक्यावर तांबड्या भाजीच्या (लाल माठाच्या) जुड्यांची पाटी घेऊन. मळ्यातली भाजी आधी घरात शिजायची आणि उरलेली पलीकडे विकायला जायची.

पाटीची ही दिशा बदलली, त्याचा लहान मुलांच्या रक्ताशी काय संबंध? आणि गावाने मिळून केलेला भाजीचा मळा त्यात कितपत फरक पाडू शकतो? हे मला इथे समजावून सांगायचे आहे. 'कितपत' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण अशा मळ्यांबद्दल फार मोठी आश्वासने दिली जातात, आणि ती फसली की लोक मळाच सोडून देतात.

आधी मुलांची स्थिती पाहू. गोवा हे सुस्थितीतले राज्य मानले जाते, आणि अनेक बाबतींत ते आहेही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या २५.८ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली, तर १९.१ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ५३.२ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ४८.३ टक्के होता, म्हणजे तो वाढला. १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय ३१.३ वरून ३९ टक्क्यांवर गेला. आईच्या अंगात लोह कमी असेल तर बाळ जन्मताच अपुरी शिदोरी घेऊन येते, म्हणून हे दोन आकडे एकत्र वाचायला हवेत.

यातली बहुतेक मुले उपाशी झोपत नाहीत. घरात भात आहे, पेज आहे, पोदेराकडचा पाव आहे. पोट भरते. पण वाढणाऱ्या शरीराला भाताबरोबर जे बारीकसारीक लागते, म्हणजे लोह, जस्त, अ जीवनसत्त्व, फोलेट, ते मिळत नाही. ही भूक पोटाला जाणवत नाही. मूल वारंवार आजारी पडते, खेळताना लवकर दमते, शाळेत लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो, 'त्याचा बांधाच असा आहे.'

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाकडे साधारण सहा महिने पुरेल इतके लोह असते. तोवर फक्त आईचे दूध. सातव्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू होते आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण बाळाचे पोट फार लहान असते: वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ३० मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी एक वाटी मावते. ती वाटी पातळ पेजेने भरली तर दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. नाचण्याचे घट्ट तिजान त्यापेक्षा खूप बरे. त्याहून बरे म्हणजे मऊ भातात कुस्करलेली डाळ, बारीक चिरून शिजवलेली तांबडी भाजी, आणि वर चमचाभर खोबरेल तेल. तेल का? पाल्यातला आणि लाल भोपळ्यातला जो रंगद्रव्याचा भाग शरीरात अ जीवनसत्त्वात बदलतो, तो स्निग्धात विरघळतो. स्निग्ध नसेल तर त्यातला बराचसा तसाच बाहेर पडतो. आपल्या स्वयंपाकात खोबरे आहेच, म्हणजे हे गणित आपल्या आज्यांनी कधीच सोडवून ठेवले होते.

लोहाचे गणित जास्त किचकट आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ८ मिलिग्रॅम लोह लागते. भाजीतले लोह शरीर सहज घेत नाही. शंभरातले पाच-दहा भाग घेतले तरी खूप. मात्र त्याच घासाबरोबर लिंबाचे चार थेंब असले, पेरूची फोड असली, तर हा भाग वाढतो. मासळीनेही वाढतो. हुमणातले (माशांच्या कालवणातले) चार कुस्करलेले तारले बाळाला स्वतःचे लोह देतात, आणि ताटातल्या भाजीचे लोहही शोषून घ्यायला मदत करतात. उलट, चहातले द्रव्य लोहाला धरून ठेवते. चहात बुडवलेला पाव हा आमच्याकडे दोन वर्षांच्या पोराचा सर्रास नाश्ता असतो. माझे ऐकाल तर मळा करण्याच्या आधी ती सवय मोडावी. त्याला पैसाही लागत नाही आणि जमीनही लागत नाही.

आठ रकाने

बाळाचा आहार पुरेसा विविध आहे का, हे ओळखायची एक सोपी रीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ वापरतात. ६ ते २३ महिन्यांच्या बाळाने काल काय खाल्ले ते विचारायचे आणि आठ रकान्यांत मांडायचे: आईचे दूध, धान्य व कंद, डाळी-कडधान्ये व दाणे, दूध-दही, मासळी व मांस, अंडी, अ जीवनसत्त्व देणाऱ्या भाज्या व फळे, आणि बाकीच्या भाज्या व फळे. आठांपैकी पाच रकाने भरले तर ठीक.

ही मोजणी बेटावरच्या घराला लावून पाहा. आईचे दूध आणि भात, हे दोन झाले. नदीची मासळी, तीन. उरलेले दोन रकाने घरामागचा किंवा गावाचा मळा भरू शकतो: एक तांबडी भाजी, मशिंगेचा पाला किंवा लाल भोपळा यांचा आणि दुसरा अळसांद्यांचा. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: मशिंग म्हणजे शेवगा, अळसांदा म्हणजे चवळी, आणि आम्ही 'दुदी' म्हणतो ती लाल भोपळ्याला. घोटाळा नको, कारण पांढऱ्या दुधीत अ जीवनसत्त्व नावालाच असते.) म्हणजे बेटावर पाचाचा आकडा गाठायला बाहेरून फार काही आणावे लागत नाही. जे लागते ते मळ्यात रुजणारे आहे.

मळ्याने जे होत नाही तेही सांगते. भाजीत बी-१२ जीवनसत्त्व नसते, ते मासळी, अंडी, दुधातून घ्यावे लागते. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दिला जाणारा अ जीवनसत्त्वाचा डोस आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे लोहाचे औषध भाजी आहे म्हणून थांबवायचे नाही.

एकाच बेटावर तीन जमिनी

चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे, वांशी ही मांडवीची बेटे आहेत. आमच्याकडे जागा नाही असे नसते. गोड पाणी आणि गोड माती कुठे आहे हे पाहावे लागते. वर टेकडीवर जांभा, तांबडा आणि आंबट. मध्ये उतारावर भाटे, नारळ-आंब्याची. आणि खाली खाजन.

खाजन ही शेकडो वर्षांची कारागिरी आहे. नदीचे खारे पाणी बांधाने अडवायचे आणि बांधात मानस ठेवायची. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते. पावसाळ्यात तीन मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मातीतले मीठ धुऊन नेतो. मग कोरगूटसारखे खारे सोसणारे भात होते. भात कापल्यावर मातीत ओल असेतो अळसांदा आणि भाजी घेता येते. पण जानेवारी उलटला की ऊन वाढते, खालचे खारे पाणी मातीतून वर चढते, आणि वाफ्यावर पांढरी साय धरते. पानांची टोके करपली तर समजावे की मीठ वर आले.

म्हणून खाजनात कुठली भाजी लावायची हे मीठ ठरवते. तांबडी भाजी आणि अळसांदा बऱ्यापैकी तग धरतात. वांगी, भेंडी मधल्या दर्जाची. घेवडा, वालपापडी यांना मीठ अजिबात सोसत नाही, त्या टेकडीच्या पायथ्याला, गोड्या विहिरीजवळ लावाव्यात. वाफा हातभर उंच करायचा आणि भाताच्या पेंढ्याने झाकायचा, म्हणजे ऊन मातीतले पाणी कमी ओढते आणि मीठही कमी चढते. जांभ्याच्या आंबट मातीला तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा किंवा चुलीची राख मानवते. हीच राख खाजनात ओतू नये. तिथे आधीच क्षार आहेत, राखेने त्यात भरच पडते. जुव्याची सात शिरांची भेंडी गोव्यात नावाजलेली आहे. या बेटांच्या मातीत भाजी होते का, असे विचारणाऱ्याला एवढा दाखला पुरे. बांध मात्र शाबूत हवा. तो फुटला तर पुढचे एक-दोन हंगाम वाफ्यांचा विचारही करता येत नाही. त्यामुळे बांधाची डागडुजी हा माझ्या मते मुलांच्या आहाराचाच प्रश्न आहे, तो शेतकी खात्यावर टाकून अंगणवाडीने मोकळे होऊ नये.

जगातल्या दुसऱ्या बेटांची अडचण याहून कठीण आहे. प्रशांत महासागरातल्या किरिबाटीत माती म्हणजे पोवळ्यांची वाळू. खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो. तिथले लोक त्या थरापर्यंत खड्डे खणतात, त्यात पालापाचोळा कुजवतात आणि त्यात प्रचंड पानांचा अळू वाढवतात. मायक्रोनेशियातल्या पोनपे बेटावर आणलेला तांदूळ आणि डबाबंद अन्न वाढले, तसे मुलांमध्ये अ जीवनसत्त्व कमी पडू लागले. तिथे 'कारत' नावाचे केशरी गराचे केळे परंपरेने बाळांना भरवले जायचे. तपासल्यावर कळले की पांढऱ्या गराच्या केळ्यांपेक्षा त्यात अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य कितीतरी जास्त आहे, आणि ते केळे पुन्हा लावायची मोहीम झाली. दोन्ही बेटांवर उत्तर तिथल्याच मातीत आणि तिथल्याच म्हाताऱ्यांच्या आठवणीत होते, म्हणून हे मला लिहावेसे वाटले.

पंचवीस मुलांचा हिशेब

आता प्रत्यक्ष मळा केवढा हवा? प्राथमिक शाळेच्या माध्यान्ह आहारात दर मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजीचा निकष आहे. तोच धरू. अंगणवाडीत २५ मुले असली तर रोज सव्वा किलो, सहा दिवसांच्या आठवड्याला साडेसात किलो. तांबडी भाजी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत कापणीला येते आणि ठोकळ हिशेबाने एका चौरस मीटरला किलोभर देते. म्हणजे एका आठवड्याला आठ चौरस मीटरचा एक वाफा: एक मीटर रुंद, आठ मीटर लांब. असे चार वाफे करायचे आणि दर सोमवारी एकच पेरायचा. महिना संपला की दर आठवड्याला एक वाफा तयार, कापलेला वाफा पुन्हा पेरणीला मोकळा. चारही वाफे एकाच दिवशी पेरायचा उत्साह सगळ्यांना येतो. मग एका आठवड्यात ३० किलो भाजी निघते, मुलांना दोन दिवस मिळते, बाकीची वाटली जाते किंवा वाळते, आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही.

पाण्याचाही हिशेब करा. कोरड्या दिवसांत चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर. बत्तीस चौरस मीटरला दीडशे लिटर, म्हणजे दहा बादल्या. दहा बादल्या कोण ओढणार, हे आधी ठरले नसेल तर बी आणूच नये.

तांबडी भाजी रोज-रोज मुले खाणार नाहीत, हेही खरे. म्हणून वाफ्यांच्या कडेने वांगी आणि भेंडी, कुंपणाला मशिंग, एक-दोन पपया, मांडवावर लाल भोपळा. भोपळा महिनोन्‌महिने टिकतो. विहिरीचे पाणी मेमध्ये खाली जाते आणि वाफे सुकतात, तेव्हा हा भोपळा, वाळवलेले अळसांदे आणि मशिंगेचा पाला, या तिघांवर उन्हाळा निघतो. पावसात तायकिळा (टाकळा) आणि तेरे (रानअळू) आपसूक उगवतात. तेरे आंबाड्यांबरोबर नीट शिजले नाही तर घशाला खाजते, वर्षाच्या आतल्या बाळाला ते देऊ नये.

भाजी कोणाच्या हातात

इथवरचे सगळे शेतीचे झाले. आता जे सांगते आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

अशा मळ्यांवर जगभर काम झाले आहे. एकंदर निष्कर्ष असा: मळ्यामुळे घरात भाजी जास्त खाल्ली जाते, आहारात विविधता येते. पण मुलांची उंची एवढ्यानेच वाढते असे दिसत नाही. उंची गर्भारपणापासूनच्या आहारावर, जुलाब-तापांवर, स्वच्छ पाण्यावर ठरते. हेलन केलर इंटरनॅशनल या संस्थेने पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये २०१० ते २०१२ या काळात बायांना मळे करून दिले आणि त्याबरोबर घरोघरी जाऊन बाळाला काय, केव्हा, कसे भरवावे तेही शिकवले. तिथे तान्ह्या मुलांचे हिमोग्लोबिन सुधारले आणि हडकुळेपणा कमी झाला. उंचीत फरक पडला नाही. या कामातून मी दोन गोष्टी घेतल्या. मळा आणि भरवण्याचे शिक्षण एकत्र असावे, आणि मळा बायांच्या ताब्यात असावा.

दुसरी गोष्ट आमच्याकडे कशी घडते ते मी पाहिले आहे. एका गावात शाळेमागे सुंदर मळा झाला. फीत कापली, फोटो निघाले. पहिली भाजी आली तेव्हा तिला चांगला भाव मिळेल असे कुणीतरी सुचवले. ती विकली गेली आणि पैशातून खुर्च्या आल्या. दुसऱ्या वर्षी मेच्या सुट्टीत पाणी घालायला कुणी नव्हते. मळा संपला. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण भाजी कोणासाठी आहे हे लिहून ठेवलेले नव्हते, आणि जी बाई पाणी घालत होती तिला त्यात बोलायचा हक्क नव्हता.

म्हणून मी म्हणते, नियम पेरणीआधी ठरवा. जागा पंचायतीची, देवळाची, चर्चची की कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची), ती किती वर्षांसाठी, हे कागदावर घ्या. दिवसांची पाळी बायांनी बायांत वाटून घ्यावी आणि पाळी असलेल्या घरात लहान मूल किंवा गर्भार बाई असेल तर एक जुडी आधी त्या घरात जावी. उरलेले अंगणवाडीत. त्यानंतरही उरले तर विका, पैसा पाणी घालणाऱ्यांचा. आणि वहीत किलो लिहिण्यापेक्षा महिन्यातून एकदा दहा आयांना विचारा, 'बाळाने काल काय खाल्ले?' आठ रकाने मांडा. किलोंचा आकडा वाढतो आहे आणि रकाने तेवढेच आहेत असे दिसले, तर भाजी वाटेत कुठेतरी अडते आहे.

अंगणवाडीच्या पाककृतीतही ही भाजी बसवावी लागते. सेविकाताईंना वरून येणारा शिधा ठरलेला असतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाच्या कॅलरी आणि प्रथिनांचा हिशेब असतो. त्या खिचडीत मूठभर पाला घालणे कठीण नाही. पण तो निवडायला, धुवायला अर्धा तास लागतो, आणि त्या ताईंकडे आधीच नोंदींचे ढीग आहेत. पाळीवरच्या बाईने भाजी निवडून, धुऊनच द्यावी. पाला तीन पाण्यांतून काढायचा, कारण मातीतून जंतांची अंडी येतात, आणि जंत लागले की खाल्लेले लोह मुलाऐवजी जंतांना मिळते. शाळा-अंगणवाडीत वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळी मळ्यात खेळणाऱ्या मुलांना चुकवू देऊ नये.

मुलांना मळ्यात येऊ मात्र द्यावे. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधलेली फळे-भाज्या आमची पोरे अजून नावानिशी ओळखतात: घागऱ्या, आंबाडे, चिबूड. स्वतः पाणी घातलेल्या वाफ्यातला पाला ताटात आला की तीन वर्षांचे मूल तो निदान चाखून पाहते, आणि नवी भाजी आवडायला आठ-दहा वेळा तरी चाखावी लागते. पहिल्यांदा थुंकली म्हणून आईने हरू नये.

चवथ झाली, पावसाचा जोर ओसरला की पहिला वाफा पेरावा, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास पहिली कापणी होते. तांबड्या भाजीचे बी फार बारीक असते. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फेकायचे, हलक्या हाताने माती सारखी करायची आणि वाफ्याच्या कडेने चुलीच्या राखेची रेघ ओढायची. नाहीतर मुंग्या एका रात्रीत बी उचलून नेतात.